हिरव्या दिव्याखाली

दिवा पिवळा झाला तेव्हा मी भाकरी थापत होते. राग कुणावरच नव्हता. मनात एवढंच होतं की पीठ जरा सैल झालंय. पण सांगलीतला एप्रिल, त्यात तवा सणसणीत तापलेला. धग तोंडावर आली आणि नेहमीसारखी आतून आग उठली, नाकाच्या शेंड्यापासून कानांच्या पाळ्यांपर्यंत. फ्रिजच्या वर भिंतीत बसवलेला दिवा आधी पिवळा झाला आणि मी भाकरी उलटेपर्यंत लाल.

मागं ताटली पडल्याचा आवाज आला. वळले तर शेवंती जागेवर नव्हती. आतल्या खोलीत, पलंगाखाली, भिंतीला पाठ लावून आणि दोन्ही हातांनी डोकं झाकून ती बसली होती. पाच वर्षांची पोर. डोकं कसं झाकायचं हे तिला कुणी शिकवलं असेल, याचा विचार मी मुद्दाम करत नाही.

मी पलंगाशेजारी फरशीवर बसले. "शेवू, अगं मी रागावले नाही. तव्याची धग लागली."

"लाल झालाय," ती आतून म्हणाली.

"दिव्याला काय कळतंय?"

"दिव्याला सगळं कळतं. संस्थेतल्या ताईंनी सांगितलंय."

स्वयंपाकघरात भाकरी करपत होती. माझे गाल अजून जळत होते आणि या खोलीतला दुसरा दिवासुद्धा लालच होता. मी जितकं गोड बोलत होते, तितकी ती भिंतीत शिरत होती. शेवटी मी तोंडावर ओला टॉवेल टाकून, तिला न दिसता, गुपचूप बसून राहिले. दिवा हिरवा झाल्यावरच ती बाहेर आली.

हे दिवे आमच्या हौसेचे नव्हते. दत्तक जाणाऱ्या मुलांवर नव्या घरात अत्याचार झाल्याच्या काही घटना उघडकीला आल्या आणि सरकारनं कायदा केला. लहान मूल बोलत नाही, किंवा बोलायला घाबरतं, म्हणून त्याच्या वतीनं यंत्रानं बोलावं, असा त्यामागचा विचार. विचार चांगलाच होता. मूल घरी आलं की पहिलं वर्ष सहवासाचं. तोवर प्रत्येक खोलीत 'मुखदर्शक' बसवायचा. लोक त्याला नुसतं दिवा म्हणतात.

त्याचं काम समजायला सोपं आहे. हृदयाचा प्रत्येक ठोका चेहऱ्याच्या कातडीखाली रक्ताची एक बारीक लाट पाठवतो. आपल्या डोळ्यांना ती दिसत नाही. मुखदर्शक चेहऱ्याकडे अवरक्त उजेडात बघतो, म्हणजे आपल्याला न दिसणाऱ्या उजेडात, आणि त्याला ती लाट स्वच्छ दिसते. माणूस चिडला की ही लाट वेगळी होते, गालांतल्या रक्तवाहिन्या फुगतात. हजारो चिडलेल्या माणसांचे चेहरे दाखवून यंत्राला हे शिकवलेलं आहे. हिरवा म्हणजे शांत, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे मोठ्या माणसाचा तोल गेला. तीनदा लाल झाला की मूल संस्थेत परत.

शेवंती याआधी दोन घरांतून परत गेली होती. आमच्याकडे आली त्याच दिवसापासून ती मला आई म्हणू लागली. नवरा धनपाल हरखून गेला. मला मात्र त्यातली गोम लगेच कळली. आई हा तिच्या लेखी हुद्दा होता. जी बाई त्या घरात असेल तिला तसं म्हणायचं असतं, एवढंच. आणि तिला परत पाठवलं तर ती चौथ्या बाईलाही तितक्याच आज्ञाधारकपणे आई म्हणेल, ही कल्पना मला सहन होत नव्हती.

माझा चेहरा हा माझा जुना वैरी. तिशी ओलांडली आणि गाल, नाक, हनुवटी यांनी बंड पुकारलं. बारीक पुळ्या, नाकावर सूज, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं, आणि उठसूट अंगाचा नाही, फक्त तोंडाचा भडका. गरम चहा घेतला की भडका, उन्हातून आलं की भडका, मुख्याध्यापकांनी केबिनमध्ये बोलावलं की भडका. मी सावळी, म्हणून लाली अशी कुणाला दिसायची नाही; तोंड नुसतं काळपट जांभळं व्हायचं. मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. सातवी 'ब'नं माझं नाव जांभळी बाई ठेवलं होतं. अपूर्णांकात कच्ची असलेली ती पोरं निरीक्षणात मात्र पक्की निघाली.

इलाज सांगायला गावात कुणी कमी नव्हतं. उष्णता आहे, सब्जा प्या. पित्त आहे, आवळा खा. आपलीच हळद, सांगलीची, बेसनात कालवून लावा. मी लावली, आणि दोन दिवस तोंड उशीला टेकवता येईना. शेवटी नणंदेची, विमलअक्कांची, ट्यूब कामाला आली.

ही ट्यूब म्हणजे आमच्या मगदुमांच्या घरातली रीतच. सून यायची ठरली की साखरपुड्याला ओटी भरताना खण-नारळाबरोबर विमलअक्का एक ट्यूब घालतात. मेडिकलमधून आणलेली, चिठ्ठी-बिठ्ठी काही नाही. "आठ दिवसांत तोंड उजळतंय बघ," असा आशीर्वाद. ओटीतली ती ट्यूब मी कपाटात टाकली होती. तोंड पेटू लागल्यावर काढून लावली आणि खरंच, आठवड्यात चेहरा गुळगुळीत झाला. सोडली की दुप्पट पेटायचा, मग पुन्हा लावायची. असं करता करता ट्यूब माझ्या दात घासण्याइतकी रोजची झाली.

आणि आता तीही पुरी पडेना. भाकरीच्या दिवसानंतर मी दिव्याला घाबरू लागले. स्वयंपाक करताना एक डोळा तव्यावर, एक दिव्यावर. घाबरलं की माझं तोंड तापायचं, तोंड तापलं की दिवा पिवळा व्हायचा, तो पिवळा बघून मी आणखी घाबरायची. त्या वर्तुळातून बाहेर पडायची वाटच नव्हती. एका सकाळी शेवंतीच्या वेण्या घालत होते. हसत होतो दोघी. मी सहज वर बघितलं, दिवा पिवळा होता. आता हा लाल होणार, एवढं मनात आलं आणि तो झाला. तिच्या वेणीचा पेड माझ्या हातातून सुटला. ती पलंगाखाली गेलीसुद्धा.

दुपारी मुजावर मॅडम आल्या. नसीम मुजावर, बालसंरक्षण अधिकारी, मिरजेच्या. बाई बोलायला सरळ. त्यांनी शेवंतीशी एकटीशी गप्पा मारल्या, तिचे हात-पाय तपासले, मग माझ्यासमोर येऊन बसल्या.

"बाई, मला तुमच्यावर संशय नाही," त्या म्हणाल्या. "पण मला विचारतो कोण? वरती फक्त रंग जातो. आता एक राहिला."

"माझ्या चेहऱ्याला काहीतरी आजार आहे, मॅडम. मी रागावलेली नसते."

"मग तसं नोंदवा. पण नियम सांगते. नोंदवलंत की तुमच्या चेहऱ्यासाठी यंत्राची नव्यानं मोजणी करावी लागणार. त्याला महिने लागतात. तेवढा काळ मूल संस्थेत."

म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. त्या गेल्यावर मी न्हाणीघरात जाऊन नळाखाली तोंड धरलं. तिथं दिवा नव्हता. त्या घरात मला घाबरायला तेवढीच एक जागा उरली होती.

धनपालच्या ओळखीनं मिरजेच्या डॉक्टर कित्तूर यांची वेळ मिळाली. पन्नाशीच्या बाई, कातडीच्या डॉक्टर. त्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल तर माझ्याकडे बराच वेळ नुसतं बघितलं. मग दिव्यात असतो तसलाच एक कॅमेरा माझ्या गालाशी धरला आणि पडदा माझ्याकडे वळवला. माझ्या सावळ्या गालांखाली लालभडक जाळं होतं, नाकाच्या दोन्ही बाजूंना पसरलेलं, उडणारं.

"याला रोझेशिया म्हणतात," त्या म्हणाल्या. "गोऱ्या लोकांचा आजार म्हणून पुस्तकात फोटो असतात, त्यामुळे आपल्याकडे कुणाला ओळखूच येत नाही. सावळ्या रंगाखाली लाली झाकून जाते."

इतकी वर्षं जे जळत होतं ते खरंच होतं, याचा मला आनंद झाला, आणि पाठोपाठ रडू आलं. त्यांनी रडू दिलं.

मग नीट समजावलं. आपल्या चेहऱ्याच्या रक्तवाहिन्यांना उघडमीट करायला सांगणाऱ्या मज्जातंतूंची टोकं असतात. रोझेशियात ती फार हळवी होतात. ऊन, वाफ, तिखट, दारू, मनावरचा ताण, कशानंही ती 'उघडा' म्हणून ओरडतात आणि रक्त धावतं. कातडीची जंतूंशी लढायची व्यवस्थाही विनाकारण चवताळलेली असते. प्रत्येकाच्या कातडीच्या छिद्रांत डोळ्यांना न दिसणारे किडे राहतात, ते अशा चेहऱ्यावर जास्त असतात, आणि त्यांच्यावरूनही धुमश्चक्री चालते. नाकावरची सूज आणि डोळ्यांतली वाळू ही त्याचीच भावंडं.

"बरं कधी होईल?"

"मुळासकट जात नाही. दमा असतो ना लोकांना, तसं याच्याशी संसार करायचा. चहा कोमट प्यायचा, वाफ टाळायची, उन्हाचं मलम रोज, गोळ्या सांगेन त्या. तुमचं तुम्हाला कळत जाईल कशानं चिडतंय ते. बरीच माणसं छान जगतात." त्यांनी माझ्या पर्समधून ट्यूब काढायला लावली आणि दोन बोटांत मेलेल्या झुरळासारखी धरली. "ही मात्र आजपासून बंद. यात स्टेरॉइड आहे. कातडी पातळ करते, आजार दाबते आणि आतून वाढवते. सोडल्यावर महिना-दोन महिने तोंड भयंकर पेटेल, ते काढावं लागेल."

महिना-दोन महिने. मला एक लालसुद्धा परवडणारा नव्हता. मी दिव्याची सगळी हकीकत सांगितली.

 डॉक्टर म्हणाल्या, "एक नवीन इंजेक्शन आलंय. चेहऱ्यात बारीक बारीक टोचे. ती हळवी टोकं महिनाभर झोपतात. आग नाही, भडका नाही. दर महिन्याला घ्यायचं. तुमच्यासाठी ते चांगलंच आहे. पण एक ध्यानात ठेवा. हे लाली थांबवतं. राग थांबवत नाही. त्या यंत्राला तुमच्याबद्दल मग काहीच कळणार नाही."

"चालेल की," मी म्हणाले. "नाहीतरी त्याला आत्ता तरी काय कळतंय? चोर सोडून संन्याशाला फाशी."

"सरकारी बाईंना मात्र सांगून ठेवा," त्या म्हणाल्या.

गाडीत बसल्यावर धनपालनं काच वर केली. तो ठिबक सिंचनाच्या कंपनीत काम करतो, सगळा हिशेब थेंबाथेंबानं करणारा माणूस. तो म्हणाला, "सांगायचं नाही."

"विचारतात रे. औषध काय चालू आहे म्हणून दर भेटीला विचारतात."

"पित्ताची गोळी म्हण. कालिंदी, सांगितलंस तर मोजणी, मोजणी म्हटली की ती संस्थेत. परत येईल याची हमी कोण देतंय? तू काय गुन्हा करतेयस का? आजारी आहेस, औषध घेतेस."

तो म्हणाला ते मला पटलं, कारण मला तेच पटवून घ्यायचं होतं. पुढच्या भेटीत मुजावर मॅडमनी विचारलं, मी पित्ताची गोळी सांगितली. दिवा हिरवाच राहिला. खोटं बोलताना तोंड गार राहतं, हे मी आयुष्यात पहिल्यांदा अनुभवलं.

त्यानंतरचे दोन महिने फार सुखाचे गेले. ट्यूब सुटली आणि कळलंही नाही. मी उकळता चहा प्यायले. मिसळ खाल्ली, तर्री मागून घेऊन. दुपारी शाळेतून चालत आले आणि गालांवर ऊन नुसतं ऊन म्हणून लागलं. शेवंती पलंगाखाली जायची थांबली. स्वयंपाक करताना ओट्यावर बसू लागली, पिठाच्या चिमण्या करू लागली. मी "अगं खाली उतर" म्हणून खेकसले तरी ती आधी दिव्याकडे बघायची, हिरवा दिसला की हसायची आणि तिथंच बसून राहायची. मला वाटायचं, पोर धीट झाली.

विमलअक्का चार दिवस राहायला आल्या होत्या. त्यांनी मात्र नाक मुरडलं. "लाडावलंय गं पोरगं. तू बोलतेस, ते ऐकतंय का? भिंतीकडं बघत बसतंय."

"नवीन आहे, अक्का."

"नवीन काय? माणसाच्या तोंडाकडं बघायला शिकव की त्याला."

मी मनातल्या मनात म्हटलं, ओटीत ट्यूब घालणाऱ्यांनी तोंडाबद्दल बोलू नये. पण अक्का बरोबर बोलल्या होत्या आणि मला ते पुढच्याच रविवारी कळलं.

त्या दिवशी सकाळी मी कांदा चिरत होते. ओट्यावर बसलेल्या शेवंतीनं शेजारचा एक कप उचलला, दिव्याकडे बघितलं आणि कप खाली सोडला. फुटला. मी म्हणाले, "शेवू, असं नाही करायचं." तुकडे गोळा केले. तिनं दुसरा कप उचलला. पुन्हा आधी दिव्याकडे बघितलं, मग सोडला. तिच्या चेहऱ्यावर खोडसाळपणा नव्हता. ती काहीतरी तपासत होती, सातवीतली हुशार पोरं उत्तर येईस्तोवर आकडे घालून बघतात तसं. तिला बघायचं होतं की आई कुठं संपते. प्रत्येक मूल बघतं ते. पण तिला ते भिंतीवर बघायला शिकवलं होतं, आणि भिंतीवर काही होतच नव्हतं.

तिसऱ्या कपाला मी ओरडले. चौथ्याला माझ्या पायात काच गेली. मग तिनं उतू चाललेल्या दुधाच्या पातेल्याच्या दांडीला हात घातला आणि वर बघितलं.

मी तिचा दंड धरला आणि तिला ओट्यावरून खाली खेचलं. इथवर ठीक होतं, तिला वाचवणंच होतं ते. पण त्यानंतर मी सोडलं नाही. पातेलं लांब होतं, ती जमिनीवर उभी होती, धोका संपला होता आणि माझी बोटं तिच्या दंडात आणखी आणखी रुतत होती. मी तिला गदागदा हलवत होते. माझ्या तोंडून काय निघत होतं ते मला आठवत नाही. एवढं आठवतं की ती बोटं सोडवायला मला स्वतःशी झगडावं लागलं.

आणि ती रडली नाही. डोकं झाकलं नाही, पळाली नाही. मान वर करून ती दिव्याकडे बघत होती. तो हिरवागार होता.

मी हात सोडला. तिच्या दंडावर नखांचे चार व्रण उठले होते, एकातून रक्त येत होतं. मी गुडघ्यावर बसले. "दुखतंय का गं?"

"नाही," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं. "हिरवा आहे."

मी आयुष्यात पुष्कळ घाबरले आहे. दिवा लाल होईल म्हणून, पोर जाईल म्हणून. पण त्या भीतीत निदान मी माझ्या बाजूची होते. आता मला माझी भीती वाटली. या घरात मी उद्या आणखी काही केलं तरी दिवा हिरवाच राहणार होता, आणि ही पोर आपल्या दंडावर विश्वास ठेवणार नव्हती. तिला दुखेल आणि ती म्हणेल, दुखत नाही. जिथं जाईल तिथं, मोठी झाल्यावरसुद्धा.

धनपाल बाजारातून आला. मी त्याला व्रण दाखवले आणि म्हणाले, "मी मुजावर मॅडमना फोन करतेय."

त्यानं पिशवी खाली ठेवली. "एकदा जोरात धरलंस. कुठल्या घरात होत नाही? माझ्या आईनं मला उलथन्यानं मारलंय."

"तुला दुखलं होतं का?"

"म्हणजे काय? दुखणारच."

"तिला दुखलेलं कळेना, धनपाल. ती भिंतीला विचारतेय."

तो खुर्चीवर बसला.  "जाईल ती," एवढंच म्हणाला. नको म्हणाला नाही. मी फोन केला.

मॅडमना मिरजेहून यायला तासभर तरी लागणार होता. मी शेवंतीला घेऊन फरशीवर बसले. गणितात एक बरं असतं. एखादा नियम खोटा पाडायला पानंच्या पानं लिहावी लागत नाहीत, एक उलटं उदाहरण पुरतं. मी माझा हात पुढं केला.

"मला चिमटा काढ."

तिनं हात मागं घेतला.

"काढ की. जोरात."

तिनं काढला. जीव खाऊन काढला. "आई गं, दुखलं," मी मोठ्यानं ओरडले. मग वर बोट केलं. "दिवा कसला आहे?"

"हिरवा."

"आणि मला काय झालं?"

ती माझ्या हातावरच्या लाल वळाकडे बघत राहिली. मग पुन्हा चिमटा काढला, पुन्हा दिव्याकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे. मी प्रत्येक वेळी ओरडत होते. चौथ्या-पाचव्या वेळी तिनं दिव्याकडे बघायचं सोडून दिलं. पण तुझ्या हाताचं काय, असं विचारलं की ओठ घट्ट मिटून घ्यायची. शेवटी मी विचारायचं थांबवलं. मलम लावलं आणि तिला मांडीवर घेऊन बसले, ती बसू देत होती तोवर.

मुजावर मॅडम आल्या. मी सगळं सांगितलं: इंजेक्शन, पित्ताची गोळी म्हणून मारलेली थाप, कप, दंड. सांगताना माझे शब्द मागंपुढं होत होते आणि गाल मात्र दगडासारखे गार होते. त्या ऐकत होत्या. मध्ये एकदाच म्हणाल्या, "फसवलंत तुम्ही मला." मी हो म्हणाले.

मग त्यांनी शेवंतीला जवळ बोलावलं, फ्रॉकची बाही वर सरकवली. व्रण आता निळसर पडले होते.

"हे काय झालं, बेटा?"

शेवंतीनं मान वर केली.  दिवा हिरवा होता. तिनं तो बघितला, मान खाली घेतली आणि मॅडमच्या तोंडाकडे बघितलं.

"आईनं दाबलं," ती म्हणाली. "दुखलं."

मग एकदम भोकाड पसरलं. आमच्या घरात ती पहिल्यांदाच रडत होती, असं आवाज करून, नाक गळेस्तोवर. "लई दुखलं. रक्त आलं. अजून दुखतंय."

धनपाल उठून खिडकीशी गेला. मला माझ्याविरुद्धची ती साक्ष ऐकताना मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि तरी वाटत होतं, बोल बाई, अजून बोल.

मॅडमनी तिचे डोळे पुसले. उठल्या. "चल, आपण कपडे भरू तुझे. माझ्या गाडीतून जाऊ या."

शेवंतीचं रडं मध्येच थांबलं. "कुठं?"

"तिकडं, ताईंकडे."

"का?"

"तुला दुखलं ना इथं?"

"दुखलं म्हणून सांगितलं," ती हुंदके देत म्हणाली. "जायचं कुठं म्हटलं मी?"

 मॅडम पर्स खांद्यावरून काढून परत खुर्चीत बसल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "इंजेक्शनचं नाव सांगा. डॉक्टरांचा नंबर द्या. बालकल्याण समितीपुढं हे सगळं जसंच्या तसं ठेवणार मी. समिती काय ठरवेल ते माझ्या हातात नाही. तोवर मी रोज येईन, न सांगता येईन." मग म्हणाल्या, "आज नेत नाही."

समिती काय ठरवेल ते मलाही माहीत नव्हतं. कदाचित महिन्याभरात पोर जाईल. पुढचं इंजेक्शन मी घ्यायचं की जळत्या तोंडानं राहायचं, तेही ठरायचं होतं. मी भिंतीला टेकून खाली बसले.

शेवंती समोर येऊन उभी राहिली आणि माझ्या चेहऱ्याकडे निरखून बघू लागली, इकडून, तिकडून. तिथं तिला वाचण्यासारखं काही नव्हतं. म्हणून मी तोंडानंच सांगितलं.

"शेवू, मला भीती वाटतेय."

तिनं बाहीला नाक पुसलं आणि माझ्या शेजारी बसली.

"मला पण," ती म्हणाली.